मंदाताई आणि रिमार्कचा रकाना

हरवलेल्या माणसाला "तुम्ही कुठे आहात" असं विचारू नये. त्याला ते माहीत असतं तर त्याने फोन कशाला केला असता? हे वाक्य माझं नाही. माझं असतं तर एव्हाना मी त्याची स्लाइड करून चार बैठकांत दाखवली असती. वाक्य मंदाताईंचं आहे. त्यांनी ते मला ऐकवलं तेव्हा मी कानाला हेडफोन लावून एका घाबरलेल्या यात्रेकरूला अत्यंत सुशिक्षित हिंदीत तिसऱ्यांदा विचारत होतो, "सर, आपकी करंट लोकेशन क्या है?"

मंदाकिनी शेवडे, प्रधान आरक्षक. महाराष्ट्रात ज्याला हेड कॉन्स्टेबल म्हणतात त्याला आमच्या मध्य प्रदेशात प्रधान आरक्षक म्हणतात. मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. उज्जैनच्या पोलीस नियंत्रण कक्षात, एसीच्या बरोबर खाली त्यांची खुर्ची होती, त्यामुळे वर्दीवर बाराही महिने राखाडी स्वेटर. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. टेबलावर बडीशेपेची डबी, जिच्यातली बडीशेप त्या सगळ्यांना देत पण स्वतः फक्त फोन ठेवल्यावर खात. वडील रेल्वेच्या नोकरीत अकोल्याहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. ताई फोनवर हिंदी बोलत, शिपायांशी माळवी आणि माझ्याशी मराठी, म्हणजे आमच्याकडची मराठी, ज्यात दर तिसरा शब्द हिंदीचा असतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचा गाढवपणा कळणार नाही. मी उज्जैनच्याच माधव नगरचा. इंदूरला इंजिनिअरिंग केलं, मग पुण्यात चार वर्षं एका कंपनीत लोकांचं जेवण घरपोच नेणाऱ्या दुचाक्यांचे रस्ते आखले. बाबांच्या गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून परत आलो, आणि पोलीस खात्यात कंत्राटी डेटा अ‍ॅनालिस्ट झालो. काम असं: शहरातल्या चोऱ्या आणि रस्त्यावरचे अपघात एकाच नकाशावर मांडायचे, आणि जिथे दोन्ही दाट दिसतील तिथे गस्तीची गाडी नि शिपाई ठेवायचे. खाकी दिसली की चोरही बिचकतो आणि बसवालाही वेग कमी करतो, अशी त्यामागची साधी कल्पना. कल्पना चांगलीच होती. तिच्यात मी होतो, एवढीच अडचण.

माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ. गुजरातेतल्या एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला, बरोबरची मंडळी चुकली होती. फोन मंदाताईंनी घेतला. माझ्यासमोरच्या पडद्यावर त्या फोनची जागा दिसत होती, आणि तो ठिपका क्षिप्रा नदीच्या मधोमध होता. मी ओरडलो, "ताई, बाई पाण्यात आहे."

मंदाताईंनी माझ्याकडे न बघता बोट ओठांवर ठेवलं. डोळे मिटले, डावा पंजा टेबलावर पालथा ठेवला. ही त्यांची सवय. अंगठा म्हणजे नदी, बोटं म्हणजे गावातून घाटाकडे उतरणारे रस्ते.

"माँजी, घबराना मत. सूरज मुँह पर लग रहा है कि पीठ पर?"

पाठीवर, असं उत्तर आलं.

"घंटी कौन-से कान में ज़्यादा आ रही है?"

डाव्या.

"कुछ तला जा रहा है आस-पास, कि रस की चरखी चल रही है?"

चरखी चालत होती. ताईंनी डोळे उघडले, वायरलेसवर घाटावरच्या शिपायाला सांगितलं की राम घाटावरून वर येणाऱ्या दुसऱ्या गल्लीत उसाच्या रसाच्या गाडीमागे एक म्हातारी उभी आहे, तिला आधी खुर्ची दे, मग बाकीचं. तीन मिनिटांत निरोप आला, मिळाली. तोवर मी पाणबुड्यांच्या पथकाचा नंबर शोधून काढला होता.

"मोबाईलचा टॉवर नदीच्या पलीकडे आहे ना, भैया," त्या बडीशेप तोंडात टाकत म्हणाल्या. "तुझं मशीन आधा-आधा करून मधली जागा दाखवतं. माझ्या पण सुरुवातीला दोन-चार जण बुडाले होते."

"माझ्या पण" हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असणार. मी मात्र ते सरळ खरं धरलं आणि खूश झालो.

मंदाताईंना 'पास' या शब्दाचा राग होता. कुणी शिपाई वायरलेसवर "मंदिर के पास एक्सीडेंट" म्हणाला की त्या म्हणत, "उज्जैन में हर चीज़ मंदिर के पास है. कौन-सा मंदिर, कौन-सी बाजू, कितने कदम?" दुसरा प्रश्न ठरलेला: "मुँह किस तरफ था?" गाडीचं तोंड, पडलेल्या माणसाचं तोंड, सायकलचं तोंड. हे सगळं त्या संगणकात टाइप करत. आता संगणकाच्या त्या प्रणालीत जागेसाठी एक तयार यादी होती, मोठमोठे चौक आणि रस्ते असलेली. घटनेची जागा यादीत नसली की ती नोंद आपोआप त्या भागातल्या पोलीस ठाण्याच्या पत्त्यावर जाऊन बसे. हे ताईंना माहीत होतं. म्हणून खरी जागा त्या शेवटच्या, 'रिमार्क' नावाच्या रकान्यात लिहीत. म्हणजे असं: "भैरवगढ रोड, जुन्या पिंपळाच्या अलीकडे दहा कदम, गाडीचं तोंड मंदिराकडे, रोड गीला, ऊन सीधं डोळ्यात, बाई घसरली, कोहनीला लागलं, रिपोर्ट नाही लिहायची म्हणे."

अशा हजारो ओळी. कुठे हिंदी, कुठे मराठी, कुठे माळवी, कुठे नुसतं "तीच जागा, परत". पुण्याहून शिकून आलेल्या माणसाला अशा रकान्याकडे बघून जे वाटतं तेच मला वाटलं. मी याला 'कचरा' असं नाव दिलं, फाइलमध्ये खरोखर त्या नावाने टिपण केलं, आणि रकाना उडवून टाकला. फाइल निम्म्याने हलकी झाली. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःला कचोरी खाऊ घातली.

मग बैठक झाली. मोठ्या पडद्यावर मी उज्जैनचा नकाशा दाखवला. पांढरा म्हणजे शांत, लाल म्हणजे धोका. शहरभर गुलाबी शिंतोडे, आणि एका जागी असा लालभडक गोळा की मागे बसलेल्यांनाही दिसावा.

साहेब, आमचे वरिष्ठ अधिकारी, सभ्य आणि मोजकं बोलणारे गृहस्थ. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "ये कौन-सी जगह है?"

मी उत्साहाने नकाशा मोठा केला. आणखी मोठा केला. गोळ्याच्या बरोबर मध्ये एक इमारत दिसू लागली. त्या भागातलं पोलीस ठाणं. नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

"मतलब," साहेब शांतपणे म्हणाले, "शहर में सबसे ज़्यादा चोरियाँ और एक्सीडेंट थाने के अंदर हो रहे हैं."

त्या ठाण्याचे प्रमुख पहिल्याच रांगेत बसले होते. कुणीतरी खोकलं. मग सगळी खोली खोकू लागली. शेवटच्या खुर्चीवर मंदाताई होत्या, फक्त त्या हसल्या नाहीत. मान खाली घालून पेनाचं टोपण काढत नि लावत बसल्या.

बैठकीनंतर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं समजूत घालतील. त्यांनी विचारलं, "तुझा मोबाईल चोरीला गेला होता ना रे मागे? कुठे?"

"इथेच, माधव नगरात. भाजी घेत होतो."

"मिळाला कुठे?"

"आगर रोडच्या बाजूच्या बस्तीत. तिथे एकाकडे सापडला, पोलिसांनी आणून दिला."

"आता तुझ्या नकाशात बघ, चोरी कुठे झालीये."

मी बघितलं. नोंद जप्तीच्या वेळी झाली होती, त्यामुळे माझ्या नकाशाप्रमाणे माझा मोबाईल अशा बस्तीत चोरीला गेला होता जिथे मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. ती सगळी बस्ती गुलाबी दिसत होती.

"चोर जिथे पकडला तिथे चोरी झाली असं नाही होत," मंदाताई म्हणाल्या. "तू तिथे गाडी उभी करशील. गाडीवाले तिथल्याच पोरांना पकडतील. मग आणखी ठिपके येतील. मग तू म्हणशील, बघा, मी बोललोच होतो."

शहाणा माणूस इथे थांबला असता, सगळ्या नोंदी उघडून बसला असता, त्याने ताईंना चहा पाजून विचारलं असतं की आणखी कुठे असं झालंय. मी माझ्या मोबाईलचा तेवढा एक ठिपका उचलून माधव नगरात आणून ठेवला. काम झालं असं मला वाटलं.

आणि ठाण्यावरचा लाल गोळा? साहेबांसमोर झालेली फजिती मला परत नको होती. ठाण्याच्या पत्त्यावर बसलेल्या सगळ्या नोंदी मी 'चुकीच्या' ठरवल्या आणि पुसून टाकल्या. ज्या रकान्यात त्यांची खरी जागा होती तो आधीच उडवला होता, आता नोंदीही गेल्या. नकाशा एकदम देखणा झाला. पुढच्या बैठकीत कुणी खोकलं नाही. साहेब म्हणाले, "अब ठीक लग रहा है," आणि त्या नकाशाप्रमाणे शिपायांच्या नेमणुका बदलल्या.

त्यात भैरवगढ रस्त्यावरचा गेंदालाल हलला.

गेंदालाल म्हणजे एक आडमाप मिशांचा आरक्षक. वर्षभरापूर्वी मंदाताईंनी चार अर्ज देऊन त्याला भैरवगढ रस्त्याच्या एका वळणावर सकाळचे दोन तास उभं करवलं होतं. ते वळण माझ्या नव्या नकाशावर दुधासारखं पांढरं होतं. तिथल्या सगळ्या नोंदी यादीबाहेरच्या जागेच्या, म्हणून ठाण्याच्या पत्त्यावर गेलेल्या, म्हणून मी पुसलेल्या. मी त्याला चांगल्या रुंद चौकात पाठवलं, जिथे त्याच्याखेरीज आणखी तिघे आधीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. "गेंदालालला का काढलं?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. "ताई, बघा. तिथे काहीच होत नाही."

"होतं ना. मी लिहिते रोज."

"ताई, ते रिमार्क मशीनला वाचता येत नाहीत."

"तुला येतात ना?"

मी इंग्रजीत बोलू लागलो. दोनेक मिनिटं बोललो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, आणि मग त्या जागेवर जाऊन साहेबांच्या नावाने पाचवा अर्ज लिहायला बसल्या. अर्ज माझ्याच टेबलावर आला, अभिप्रायासाठी. मी लिहिलं, "डेटा के अनुसार आवश्यकता नहीं." सही केली. ती सही आजही त्या फाइलमध्ये आहे. इतकी झोकदार सही मी पुन्हा कधी केली नाही.

आठवडाभराने सकाळी साडेआठच्या सुमारास फोन आला. मी नुकताच येऊन बसलो होतो. मंदाताईंनी डोळे मिटले, पंजा टेबलावर ठेवला, आणि दुसरा प्रश्न विचारायच्या आधीच डोळे उघडले. त्यांना जागा कळली होती. ॲम्ब्युलन्स सांगितली, वायरलेसवर बोलल्या, टाइप केलं. मग उठल्या. "चल," एवढंच म्हणाल्या.

आम्ही थेट दवाखान्यात गेलो. माणसाचं नाव करीम चाचा. भैरवगढच्या छपाईवाल्यांपैकी, साठीच्या पुढचे. चादरी आणि साड्यांवर लाकडी ठप्प्यांनी छपाई करायची, रंग पक्का झाला की कापड नदीवर धुवायचं, आणि ओलं कापड सायकलवर लादून वाळवायला परत आणायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. तसे ते रस्ता ओलांडत होते. यात्रेकरूंची मिनीबस वळणावरून आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला, गाडी घसरत आली. उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. चेहरा राखेसारखा झाला होता, पण शुद्धीवर होते.

"चाचा," मंदाताई स्टूल ओढून बसल्या, "साइकिल का मुँह किस तरफ था?"

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. माणूस कण्हतोय आणि ही बाई सायकलचं तोंड विचारतेय. चाचांनी मात्र नीट आठवून सांगितलं. मग म्हणाले, "मैडम, कपड़ा सड़क पर पड़ा है. किसी ने उठाया कि नहीं?"

"उठवा दिया. आपके घर पहुँच गया. फिर से धोना पड़ेगा."

चाचांनी डोळे मिटले. जगातली एक काळजी तरी मिटली असावी तसे. कापड उचलायचं ताईंनी वायरलेसवर ॲम्ब्युलन्सच्या पाठोपाठच सांगितलं होतं. मी शेजारी उभा असून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांनी मला त्या वळणावर बोलावलं. "दोन तास उभा राहा," म्हणाल्या. "काही करू नको. मोबाईल खिशात ठेव."

उभा राहिलो. तिथे रस्ता पूर्वेकडे वळतो, आणि सकाळचं ऊन ड्रायव्हरच्या डोळ्यात सरळ घुसतं. उजव्या हाताला बेशरमाची झुडपं इतकी वाढलेली की पलीकडून येणारा माणूस रस्त्यावर आल्यावरच दिसे. आणि त्याच जागी नदीवरून माणसं ओल्या कापडाची ओझी घेऊन ओलांडत. कापडातून पाणी गळायचं, रस्ता तेवढ्याच पट्ट्यात ओला. दोन तासांत एक स्कूटरवाला घसरला, उठला, पँट झटकून गेला. एक बाई कोपरावर पडली, तिला दुसरीने उठवलं. यांच्यापैकी कुणी पोलिसांना फोन करणार नव्हतं. मग अशा पडण्याचे फोन तुमच्याकडे येतात तरी कसे, असं मी मंदाताईंना विचारलं.

"समोर पंक्चरवाला आहे. त्याला मी नंबर देऊन ठेवलाय. म्हटलं, कोणी पडलं की मला बोलत जा."

मी फोटो काढायला म्हणून रस्त्याच्या मध्ये गेलो, मोबाईल खिशात ठेवायला सांगितलं असताना, आणि जिथे करीम चाचा पडले होते तिथून दोन पावलांवर सपशेल बसलो. पँटीला निळा रंग लागला. तो नंतर निघाला नाही. भैरवगढचा रंग पक्का असतो, हे आईने तीन वेळा धुतल्यावर मान्य केलं. मंदाताईंनी हात दिला. हसल्या नाहीत, पण वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलं. "तीच जागा, परत," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी मी साहेबांकडे गेलो. रात्रभर घोकलेलं वाक्य बोललो: "सर, सिस्टम के लेवल पर एक डेटा गैप रह गया था." साहेबांनी मान हलवली, म्हणाले, ठीक करा लो. मी बाहेर आलो. इतक्या सहज सुटलो याचं मलाच नवल वाटलं.

व्हरांड्यात मंदाताई उभ्या होत्या. "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

मी वाक्य म्हणून दाखवलं. त्या विचारात पडल्या. टोमणा मारायचा त्यांचा स्वभावच नव्हता. नोंद करायला नाव विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हा सिस्टम कोण? त्याची ड्यूटी होती का त्या दिवशी?"

मी भिंतीकडे बघत राहिलो. भिंतीवर अग्निशमनाची वाळूची बादली होती, तिच्यात कुणीतरी विड्या विझवल्या होत्या. ते सगळं फार बारकाईने पाहून झाल्यावर मी परत आत गेलो.

"सर, सिस्टम नहीं. मैंने किया. पहले रिमार्क हटाए, फिर एंट्रियाँ. शेवडे मैडम ने मना किया था. उनकी अर्ज़ी पर 'आवश्यकता नहीं' मैंने लिखा है."

साहेबांनी चष्मा काढला. नोकरी गेली असं धरून मी मनात पुण्याच्या मित्रांना फोन करायला लागलो होतो. मग त्यांनी विचारलं, "पुरानी फ़ाइल है?"

"है, सर."

"मैडम को अंदर बुलाओ. और तुम भी बैठो. खड़े-खड़े क्या कर रहे हो?"

त्या दिवशी आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत बसलो. ताई रिमार्क वाचून दाखवत, मी ठिपका खऱ्या जागी ठेवत असे. शेकडो ठिपके. पांढऱ्या नकाशावर एकेक जागा जागी होत गेली. आगर रोडची बस्ती फिकी झाली, कारण तिथल्या निम्म्या चोऱ्या प्रत्यक्षात बस स्टँडवर आणि भाजीबाजारात झालेल्या होत्या. भैरवगढचं वळण गडद लाल झालं. साहेब एकदाच बोलले. "ये सब पहले से लिखा हुआ था?" ताई म्हणाल्या, "जी सर." पुढे काही जोडलं नाही. एवढी मोठी संधी होती, माझ्याबद्दल दोन शब्द तरी बोलायला हवे होते. मी त्यांच्या जागी असतो तर बोललो असतो.

गेंदालाल दुसऱ्या दिवशी वळणावर परत गेला. झुडपं तोडली, गतिरोधक झाला, आणि नदीवरून येणाऱ्यांसाठी थोडं अलीकडे, ऊन डोळ्यात येत नाही अशा जागी ओलांडायची पट्टी आखली. कडेने चर खणून पाण्याला वाट दिली. पडणारी माणसं कमी झाली. पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही, कारण ताई तसं म्हणू देत नसत. "फोन कमी झाले," असं म्हणायचं.

करीम चाचांचा पाय जुळला, पण आखूड. कापड धुवायला जाणं त्यांचं कायमचं सुटलं. चारेक महिन्यांनी मी धीर करून त्यांच्या घरी गेलो, काय झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. ते टेबलापाशी उभ्याने ठप्पे मारत होते, काठी भिंतीला टेकलेली. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं, एक ठप्पा रंगात बुडवून कापडावर ठेवला, मुठीने ठोकला, आणि विचारलं, "मैडम नहीं आईं?"

"नहीं, चाचा. मैं अकेला आया हूँ."

"अच्छा," ते म्हणाले, आणि पुढचा ठप्पा उचलला. माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. बाहेर पडताना त्यांच्या सुनेने चहा दिला, तो उभ्यानेच प्यालो.

निवृत्तीच्या आधीचे काही महिने मंदाताईंनी मला रोज तासभर फोनवर बसवलं. यात्रेकरूंचे फोन. सुरुवातीला मी काय विचारत असे ते वर सांगितलंच आहे. हळूहळू मला ऊन कुठल्या खांद्यावर आहे ते विचारायचं सुचू लागलं. एकदा तर एका हैदराबादच्या गृहस्थाला मी वासावरून शोधून काढलं, आणि इतका फुगलो की पुढच्या फोनला लगेच एका कुटुंबाला चुकीच्या घाटावर पाठवलं. ताईंनी त्यांना परत फोन करून माफी मागितली, स्वतःच्या नावाने.

निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं यथासांग झालं. साहेबांनी भाषणात त्यांच्या अचूकपणाचं कौतुक केलं. उत्तरादाखल मंदाताई उठल्या, म्हणाल्या, "सबने बहुत सहयोग किया," आणि बसल्या. हारातली फुलं काढून त्यांनी ड्यूटीवरच्या मुलींना एकेक वाटली, कारण हार घालून रिक्षात बसायची त्यांना लाज वाटत होती.

त्यानंतर त्यांची भेट नाही. फोन करायचं मनात होतं. करू, करू म्हणत दोन पावसाळे गेले.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी दशहरा मैदानाच्या बाजूने जात होतो. जात होतो म्हणजे स्कूटरवर, आणि खरं सांगायचं तर उलट्या बाजूने, कारण दुभाजकातली वळायची जागा फार लांब पडते. मैदानात चार-सहा जण गाडी शिकत होते. त्यांत एक बाई, राखाडी स्वेटर, डोक्यावर एवढं मोठं हेल्मेट की मानेला भार होत असावा. स्कूटर नवी, हिरवी. मागून एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ चालत होते, हात पुढे करून, पण गाडीला न लावता. ते त्यांचे यजमान असावेत. बरोबर काम केलेल्या दोनेक वर्षांत मी ताईंना कधी गाडी चालवताना बघितलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शहरभरच्या अपघातांची खडान्‌खडा माहिती असलेली ही बाई रोज रिक्षाने येत असे.

दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला त्या मैदानातून सरळ रस्त्याकडे आल्या. कडेला थांबल्या. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे. मग उजवा हात पूर्ण लांब काढला, वाहतुकीच्या पुस्तकात असतो तसा, आणि रस्त्यावर आल्या. उज्जैनमध्ये असा हात कुणी दाखवत नाही. मागची रिक्षा चक्रावून थांबली, रिक्षामागची जीप थांबली. मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून त्या अगदी सावकाश, ओठ घट्ट मिटून निघाल्या, आणि समोरून येत होतो मी.

त्यांनी मला बघितलं नाही. हाक मारावी असं फार वाटलं. मी स्कूटर बंद केली, खाली उतरलो, आणि ती ढकलत दुभाजकाच्या टोकापर्यंत परत गेलो. मान वर करून बघितलं तेव्हा त्या पुढच्या चौकात पोचल्या होत्या, आणि हात अजून बाहेरच होता.